तू होता का रे तिथं?

खरं सांगा, इतिहासाचा तास म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? सनावळ्या, ‘कारणे द्या’, ‘टिपा लिहा’ आणि डबा खाल्ल्यानंतरची गाढ झोप. बरोबर ना? आमच्याकडेही हे सगळं होतं, फक्त झोप नव्हती. कारण आमच्या सरांच्या गळ्यात शिट्टी असायची. मागच्या बाकावरची मान जरा कलली की फुर्रर्र! बाहेर कडुलिंबाखाली बसलेल्या शेळ्यासुद्धा दचकून उठायच्या.

मी मूळचा गोंदिया जिल्ह्यातला. पुण्यात कुणाशी नवीन ओळख झाली की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘म्हणजे नागपूर ना?’ नाही हो, नागपूरच्याही पुढे. कोल्हापूरहून सुटलेली महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्यात आपल्याला घेते आणि अख्खी रात्र, जवळजवळ अख्खा दिवस धावून जिथं थांबते, ते गोंदिया. आमचं गाव तिथूनही आत, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. धानाच्या बांध्या, तलाव, जंगल आणि एक कौलारू हायस्कूल.

सरांचं नाव मी लिहिणार नाही. आपलं नाव छापून आलेलं त्यांना आवडलं नसतं. आम्ही त्यांना फौजी सर म्हणायचो. तरुणपणी फौजेत गेले, १९७१च्या लढाईत होते, परत येऊन बीए, बीएड केलं आणि आमच्या शाळेत इतिहासाचे मास्तर झाले. कडक इस्त्रीची खाकी पँट, आरशासारखे बूट (आमच्या गावातल्या चिखलात!) आणि खांद्याला ती जुनी हिरवी पिशवी. चहा स्टीलच्या मोठ्या ग्लासातून, तोही उभ्यानेच. लढाईबद्दल मात्र अवाक्षर नाही. विचारलं की म्हणायचे, ‘सिलॅबसमध्ये नाही.’

मी सहावीत गेलो ते वर्ष १९९९. त्या उन्हाळ्यात दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. १ मेला भंडारा जिल्ह्यातून आमचा गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि त्याच महिन्यात कारगिल सुरू झालं. शाळा उघडली तेव्हा आम्ही नव्या वहीवर पहिल्यांदा ‘जिल्हा : गोंदिया’ लिहिलं. सर म्हणाले, ‘जिल्हा झाला तेव्हा तुम्ही हजर होते. साक्षीदार आहात. लिहा, काय बदललं?’ आम्ही पेन चावत बसलो. शेवटी एकीने लिहिलं, ‘काहीच बदललं नाही. फक्त वहीवरचं नाव.’ सरांनी तिला दहापैकी दहा दिले. ‘जे पाहिलं ते लिहिलं,’ म्हणाले.

आम्हाला तेव्हा जिल्ह्यात कसला रस? आमचा सगळा जीव टायगर हिलवर होता. गावात मोजके टीव्ही, त्यांच्यासमोर रोज रात्री जत्रा. आणि आपल्याच शाळेत एक खराखुरा फौजी! एका पोराने धीर करून विचारलंच, ‘सर, तुम्ही किती मारले?’

सरांनी खडू खाली ठेवला. बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, ‘पान बावीस काढा.’

आता माझा पराक्रम ऐका.

२६ जानेवारी २०००. कारगिलनंतरचा पहिलाच प्रजासत्ताक दिन, त्यामुळे गावाला एक हिरो हवाच होता. ध्वजवंदनानंतर सरांना शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं आणि त्यांच्यावर भाषण करायला माझी निवड झाली. भाषणात मी पटाईत होतो. प्रॉब्लेम एकच, सांगायला काही नव्हतं. सर तर बोलायचेच नाहीत. पण हिवाळ्याचे दिवस, झाडीपट्टीच्या नाटकांचा ऐन सीझन. रात्रभर जागून तीन अंकी नाटक बघायचं आणि सकाळी डोळे चोळत शाळेत. शिवाय ‘बॉर्डर’ तीनदा पाहिलेला. मग काय कमी?

मी माइक धरला आणि ठोकून दिलं. काळोखी रात्र, संपलेल्या गोळ्या, समोर शत्रू आणि आमच्या सरांनी नुसत्या संगिनीने सात जणांना लोळवलं! सातच का? आठ जास्त वाटत होते आणि सहामध्ये दम नव्हता. टाळ्या अशा पडल्या की विचारू नका. एका पुढाऱ्याने जागेवरच मला ५१ रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. माझ्या बाबूजींनी डोळे पुसलेले मी स्टेजवरून पाहिले.

मग सर उठले. शाल घ्यायला उठले असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला.

‘पोरगा चांगला बोलला,’ ते म्हणाले. ‘पण हे झालं नाही. मी मेडिकल कोरमध्ये होतो. माझं काम स्ट्रेचर उचलायचं. लढाईत मी एकदाही गोळी चालवली नाही. मी कोणाला मारलं नाही.’

एवढंच. ‘जय हिंद’ म्हणाले आणि खाली बसले.

मैदान गप्प. टाळ्या नाहीत, काही नाही. शाल दिली, पण घाईघाईत, चुकून घरात शिरलेल्या पाहुण्याला चहा देतात तशी. मी अकरा वर्षांचा होतो आणि मला वाटत होतं की जमीन फाटावी. रागही आला. काय बिघडलं असतं हो, गप्प बसले असते तर?

बिघडलं ते नंतर. फौजी सरांचे आठ दिवसांत ‘पट्टीवाले सर’ झाले. चहाटपरीवर, ग्रामपंचायतीत, पोरांमध्येही. पुढच्या वर्षी झेंड्याला त्यांना कुणी खास बोलावलं नाही. शाल एका ठेकेदाराला मिळाली. हे सगळं माझ्या भाषणामुळे झालं, हे मला समजत होतं आणि मी ते कुणालाच, अगदी आईलाही, सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी मला बोलावलं. वाटलं, आता छडी.

‘सात कुठून आणले बे?’

‘मनातून, सर.’

‘तू होता का रे तिथं?’

‘नाही सर.’

‘मी होतो. मग मले विचारायचं होतं ना.’

‘तुम्ही सांगत नाही, सर.’

यावर ते हसले. पहिल्यांदाच हसताना पाहिलं त्यांना. ‘हे बरोबर बोलला,’ म्हणाले. आणि त्या दुपारी सिलॅबसमध्ये नसलेला तास झाला.

फळ्यावर मधोमध एक उभी रेघ मारली. डावीकडे ‘पाहिलं’, उजवीकडे ‘ऐकलं’. मग त्यांनी जमालपूरची लढाई सांगितली. आजच्या बांगलादेशातलं ब्रह्मपुत्रेकाठचं हे गाव. डिसेंबर १९७१. आपलं सैन्य मेघालयातून खाली उतरलं, नदी ओलांडून जमालपूरच्या मागे गेलं आणि ढाक्याकडे जाणारा रस्ता पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीने, म्हणजे आपल्या जंगी पलटणीने, अडवला. आत पाकिस्तानची एकतिसावी बलुच. ब्रिगेडियर क्लेर यांनी एका म्हाताऱ्या गावकऱ्याच्या हाती चिठ्ठी पाठवली, शरण या. पाकिस्तानी कर्नलने उलट निरोप दिला, पेन सोडून बंदूक हातात घे आणि ये. सोबत कागदात गुंडाळलेली एक गोळी! १० डिसेंबरच्या रात्री बलुच सैनिक वेढा फोडून निघायला गेले, मराठ्यांनी त्यांना रस्त्यातच गाठलं आणि ११ तारखेला जमालपूर पडलं. पुढे पाचच दिवसांत ढाका.

आम्ही तोंड उघडं टाकून ऐकत होतो. चिठ्ठीत गोळी म्हणजे काय, सिनेमाच ना! सरांनी हे सगळं उजवीकडे लिहिलं. ‘ऐकलं’ या रकान्यात.

‘चिठ्ठी मी पाहिली नाही. गोळी पाहिली नाही. मी मागे होतो. नंतर पलटणीतल्या पोरांनी सांगितलं.’

डावा रकाना रिकामाच होता. तिथं त्यांनी हळूहळू लिहिलं. थंडी. धुकं. धानाची कापणी झालेलं शेत, आपल्यासारखंच. जखमींना बैलगाडीत निजवणारे गावकरी. पाणी मागणारा एक बलुच, तो हिंदी बोलत होता. एवढ्यावर थांबले. ‘त्याचं काय झालं, सर?’ कुणीतरी विचारलं. सरांनी फळा पुसायला घेतला.

किती जणांना उचललं, असं मीही विचारलं. म्हणाले, ‘मोजत नव्हतो.’

त्या दिवसापासून आमच्या इतिहासाच्या वहीला कायमची दोन खानं झाली. सर कुठल्याही गोष्टीवर बोट ठेवायचे. हे कोण सांगतो? त्याला कसं कळलं? तो तिथं होता का? पुस्तकाला सूट नाही, पेपरला नाही, खुद्द सरकारलाही नाही. टायगर हिलवर गोळ्या झेललेले ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव आठवतात? १९ वर्षांचा पोरगा. त्यांचं परमवीरचक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झालं आणि गडी तर इस्पितळात जिवंत! सर म्हणाले, ‘कागदावर मेला, खाटेवर जिवंत. आता तुम्ही कोणाचं लिहाल?’

एकदा आमची सहल प्रतापगडला गेली. थांबा, महाबळेश्वरला नाही. आमच्या तालुक्यातही एक प्रतापगड आहे, गोठणगावजवळ. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते आणि तिथंच एक दर्गाही आहे, दोन्हीकडे तीच माणसं जातात. चौथीच्या पुस्तकात शिवछत्रपती वाचलेली आम्ही पोरं. वर चढताचढता आमच्यातल्या एकाने अफझलखानाचा शामियाना कुठं होता ती जागासुद्धा दाखवली! त्याच्या आजोबांनी त्याला ती दाखवली होती म्हणे. सर त्याला हसले नाहीत. शांतपणे विचारलं, ‘जावळीचं खोरं इथून किती लांब?’ नकाशा उघडला, पट्टी ठेवून मोजायला लावलं. पोरगं रडवेलं झालं. सर म्हणाले, ‘आजोबा खोटं नाही बोलले. त्यांनी ऐकलं. मग हा किल्ला कोणाचा, ते आता तू शोध.’ परत येताना नवेगाव बांधचा तलाव लागला. हा एवढा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं आमच्याकडे सगळे सांगतात. सरांनी तेही ‘ऐकलं’मध्ये टाकलं, पण म्हणाले, ‘किल्ले बांधणारे पाठ करता, तसं तलाव बांधणारेही करा. भात कोणाच्या पाण्याचा खाता?’

आणि ‘पट्टीवाले सर’ या नावाचं काय झालं, तेही सांगायला हवं. २००२चा पावसाळा, रोवण्याचे दिवस. शाळेमागच्या बांधीत आमच्याच वर्गातल्या एकाला साप चावला. सगळीकडे आरडाओरडा. कोणी म्हणे मांत्रिकाला बोलवा, कोणी म्हणे मिरची खाऊ घाला. सर चिखलातून धावत आले. दोन बांबू मागितले. स्वतःचा शर्ट काढला, माझा काढायला लावला, चारी बाह्या बांबूंत ओवल्या. दोन मिनिटांत स्ट्रेचर तयार. पुढे सर, मागे मी. रस्ता गाठायला बांधांवरून बरंच चालायचं होतं. धुऱ्यावर पाय घसरत होते, माझे हात सुटायला आले होते आणि मी भीतीने सारखा बडबडत होतो. सर मागे न बघता म्हणाले, ‘बोलू नको. माझ्या पावलावर पाऊल टाक. त्याला हलवू नको.’

माणूस इतका जड असतो, हे मला त्या दिवशी कळलं. रस्त्यावर ट्रॅक्टर मिळाला, इंजेक्शन वेळेवर मिळालं, तो वाचला. आज त्याचं गावात खताचं दुकान आहे. सरांनी मला लढाईबद्दल पुन्हा कधी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नाव मात्र तेच राहिलं. पट्टीवाले सर. फक्त म्हणण्याचा सूर बदलला.

२००४ला दहावी, मग नागपूर, मग हिंजवडी. ऑफिसमध्ये तुम्हाला माहीतच आहे काय चालतं. रात्री सिस्टम बंद पडली की सकाळच्या मीटिंगमध्ये दहा जणांकडे दहा थिअरी असतात आणि रात्री जागा असलेला पोरगा कोपऱ्यात गप्प बसलेला असतो. मी एकदा चक्क विचारलं, ‘तू होतास का तिथं?’ मीटिंगमध्ये सन्नाटा. बॉसला वाटलं मी टोमणा मारला! अ‍ॅप्रेझलच्या फॉर्मवर मात्र माझी फजिती व्हायची. ‘मी प्रोजेक्ट लीड केला’ असं लिहायचं आणि कानात शिट्टी वाजायची. लिहिलं नाही असं नाही हो. लिहिलंच. ईएमआय सगळ्यांनाच असतात.

बाय द वे, आपल्या दुसऱ्या लेफ्टनंट राम राघोबा राणे यांना परमवीरचक्र कशासाठी मिळालं, माहीत आहे? १९४८च्या एप्रिलमध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे दूर केले म्हणून. मारलेल्यांचा आकडा नाही, साफ केलेला रस्ता. हे मी फार उशिरा वाचलं. २६ जानेवारी २०००ला माहीत असतं, तर माझं भाषण वेगळं झालं असतं. कदाचित.

मार्च २०२४. अ‍ॅप्रेझलच्याच मीटिंगमध्ये फोन थरथरला. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन शब्द. ‘सर गेले.’ मी फोन उलटा ठेवला आणि पुढचा अर्धा तास माझ्या ‘अचीव्हमेंट्स’बद्दल बोललो. दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा त्यांच्या दारावरून गाडी नेली होती. म्हटलं, पुढच्या खेपेला निवांत बसू. असो.

अंत्यविधीला पोचणं शक्यच नव्हतं. तेरवीला गेलो.

चौकात पाय ठेवला आणि समोर फ्लेक्स. दहा फुटी. सरांचा फोटो, पण डोक्यावर कुठल्यातरी भलत्याच रेजिमेंटची टोपी चढवलेली, हातात नेटवरून आणलेली रायफल. आणि खाली मोठ्या अक्षरात : १९७१च्या युद्धात सात शत्रूंना कंठस्नान घालणारे वीर जवान.

सात. माझे सात.

चोवीस वर्षं हे कुठं फिरत होतं? फ्लेक्स लावणाऱ्या पोराला विचारलं. भाषण झालं तेव्हा तो जन्मलाही नव्हता. ‘बाबा सांगते ना. सगळ्या गावाले माहीत आहे.’ म्हणजे सर माइकवर काय बोलले ते गाव विसरलं आणि मी काय बोललो ते जपून ठेवलं. मला हसू आलं, मग पोटात गोळा आला.

जेवणाआधी श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. पहिल्याने सात सांगितले. दुसऱ्याने बारा केले. मी मांडवाच्या मागे उभा होतो आणि स्वतःला समजावत होतो. जाऊ दे ना. माणूस गेला. घरच्यांना बरं वाटत असेल. काय बिघडतं? हाच प्रश्न मी सहावीतही विचारला होता.

मी पुढे गेलो आणि माइक मागितला.

‘ते सात मी बनवले होते,’ म्हटलं. ‘सहावीत असताना. सरांनी कोणाला मारलं नाही. सर स्ट्रेचर उचलायचे.’ आणखी बोलायचं होतं, जमालपूर, फळा, बैलगाडी. आवाज फुटेना.

मांडवात कुजबुज. पहिल्या रांगेतले एक पांढऱ्या टोपीचे आजोबा काठी टेकत उठले. चांगलेच तापले होते.

‘तू होता का रे तिथं?’

‘नाही आजोबा,’ मी म्हणालो. ‘पण सरांनी सांगितलं तेव्हा मी तिथं होतो. तुम्हीही होते. शाळेच्या मैदानात.’

आजोबा माझ्याकडे पाहत राहिले. आठवलं की नाही, काय माहीत. काही न बोलता खाली बसले. पंगती बसायला लागल्या. काकू, म्हणजे सरांच्या घरच्या, आतून आल्या आणि माझ्या हातातला माइक बाजूला ठेवत म्हणाल्या, ‘जेवून घे बाबू. गाडीतून उतरून तसाच आला तू.’

संध्याकाळी निघताना चौकात तो फ्लेक्सवाला पोरगा शिडीवर चढलेला. पांढऱ्या कागदाची लांब पट्टी खळ लावून त्या शेवटच्या ओळीवर चिकटवत होता. मला बघून वरूनच ओरडला.

‘दादा, आता काय लिहू?’

‘जखमींना उचललं, असं लिही.’

त्याने तोंडात धरलेला मार्कर काढला, टोपण उघडलं.

‘किती जणांना?’

मी खाली उभा. बस आली, कंडक्टर हाका मारत होता. पोरगा वाट पाहत होता आणि पट्टी अजून कोरी होती.